कचऱ्याच्या डब्यातली पिशवी आत का घसरते, आणि ती जागेवर कशी बसवायची

कोथरूडच्या एका ताईंनी विचारलं आहे: "स्वयंपाकघरात पायाने उघडायचा गोल डबा आहे, १२ लिटरचा. सकाळी नवी पिशवी घालते, पण दुपारपर्यंत एका बाजूने ती आत जातेच. मग खरकटं पिशवीबाहेर पडतं आणि डबा बरबटतो. रबर लावून पाहिलं, दोन दिवसांत तुटलं. भरलेली पिशवी वर ओढताना अडकते, कधी फाटते. सोसायटीत खाली ठेवलेल्या मोठ्या ड्रमचंही हेच होतं, सफाईवाल्या मावशी वैतागतात. जास्त जाड पिशव्या घ्याव्यात का?"

ताई, जाड पिशवीने हे थांबणार नाही. जाड पिशवी फाटायला वेळ लागतो, घसरायला लागत नाही. मी २३ वर्षं हाउसकीपिंगमध्ये आहे. पहिली बारा वर्षं रुग्णालयात गेली, नंतर ऑफिसच्या इमारतींमध्ये, आणि आता सोसायट्यांच्या सफाई कामगारांना शिकवते. नव्या बाईला पहिल्या दिवशी मी झाडू हातात देत नाही, डब्यात पिशवी घालायला सांगते. बहुतेक सगळ्याजणी तुमच्यासारखंच करतात: पिशवीचं तोंड काठावर नीट ओढून घेतात, बाकीची पिशवी आत सोडून देतात आणि झालं म्हणतात. चूक तिथेच आहे.

पिशवी काठाला टांगायची नसते, बुडावर बसवायची असते. कचऱ्याचं वजन डब्याच्या बुडाने पेलायचं आणि काठाने फक्त तोंड उघडं धरून ठेवायचं. पिशवीचं बूड अधांतरी लोंबत असेल तर आत पडणारी प्रत्येक गोष्ट तोंडाला खाली खेचते. १२ लिटरच्या डब्यात ओला कचरा भरला की पाच-सहा किलो सहज होतो. एवढं वजन काठावरच्या दोन बोटांच्या दुमडीने धरून ठेवावं, ही अपेक्षाच चुकीची आहे.

आज नवी पिशवी घालाल तेव्हा एवढंच करून बघा. नेहमीसारखी घाला आणि मग मूठ आत घालून खाली दाबा. हात बुडापर्यंत जाताना पिशवी काठावरून सरकली, किंवा खाली उशी दाबल्यासारखं मऊ लागलं, तर पिशवी अधांतरी होती असं समजा. ती मऊ उशी म्हणजे खाली अडकलेली हवा. रिकाम्या डब्यात हवा असतेच. वरून पिशवी घालून काठ चहूबाजूंनी झाकला की त्या हवेला बाहेर पडायला वाट राहत नाही. ती खालून पिशवीला उचलून धरते. आपल्याला वाटतं पिशवी बसली, प्रत्यक्षात ती हवेवर तरंगत असते. सकाळी भाजीची देठं टाकता, चहाचा चोथा टाकता, हवा हळूहळू कडेने निघून जाते, पिशवी खाली बसत जाते, आणि बसताना तोंडाला सोबत घेऊन जाते. तुमची पिशवी सकाळी चांगली दिसते आणि दुपारी घसरते, त्याचं हे कारण.

एक युक्ती हल्ली फार दाखवतात: पिशवी उलटी करून डब्याच्या तोंडावर टोपीसारखी चढवायची आणि मग मधोमध दाबून आत ढकलायची. दिसायला ती फार सफाईदार आहे. पण तिच्यात तोंड आधी बंद होतं आणि हवा नंतर दाबली जाते, त्यामुळे डब्याला भोकं नसतील तर हवा अडकण्याचा हा सगळ्यात खात्रीचा मार्ग. भोकं असलेल्या डब्यात मात्र ती छान चालते.

तर पहिलं काम, डब्याला भोकं. पिशवी ओढताना अडकते आणि फाटते, त्यावरचा इलाजही हाच आहे. सिरिंजचं तोंड बोटाने बंद करून दट्ट्या मागे ओढून बघा, किती जोर लागतो. भरलेली पिशवी डब्याच्या भिंतीला चिकटून बसलेली असते. ती वर उचलली की खाली पोकळी तयार होते, तिथे हवा शिरायला जागा नसते, आणि बाहेरची हवा पिशवीला खाली दाबून धरते. कचऱ्याचं वजन पाच किलो असलं तरी हाताला बरंच जास्त लागतं. ओढ बसते ती पिशवीच्या तोंडाजवळच्या भागाला, आणि तिथेच ती फाटते.

भोकं कुठे पाडायची यावर मात्र थोडा विचार करावा लागतो. नुसती पिशवी घालताना हवा बाहेर जावी एवढंच हवं असेल तर काठाखालची भोकंही पुरतात, कारण रिकामी पिशवी भिंतीला चिकटलेली नसते आणि हवा कडेने वर येऊ शकते. पण भरलेली पिशवी काढताना हवा थेट बुडाखाली शिरायला हवी, म्हणून भोकं खालीच लागतात. अगदी बुडाला पाडू नका. पिशवी कधी ना कधी गळणार आणि ते पाणी फरशीवर येणार. बुडापासून चार बोटं वर, भिंतीला, समोरासमोर चार भोकं पाडा. सहा मिलिमीटरचं ड्रिल पुरतं. घरी इलेक्ट्रिशियन किंवा प्लंबर येईल तेव्हा त्यांच्याकडून करून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. काहीजण तापवलेल्या खिळ्याने पाडतात. तसं करायचं असेल तर गॅलरीत करा, प्लास्टिकचा धूर नाकात जाऊ देऊ नका. कशानेही पाडा, पण भोकाच्या आतल्या बाजूला जी खरखरीत कड राहते ती पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा. ती कड राहिली तर रोज त्याच जागी पिशवी फाटेल आणि तुम्ही पिशवीच्या कंपनीला दोष द्याल.

पायाने उघडायच्या डब्यात बहुधा आत एक वेगळी बादली असते. तुमच्याकडे तशी असेल तर भोकं त्या बादलीला पाडायची, बाहेरच्या डब्याला हात लावायचा नाही. गळालंच तर बाहेरच्या डब्यात राहतं, आणि चिलटांना, झुरळांना नवी वाटही मिळत नाही. बादली नसलेल्या साध्या डब्याला भोकं पाडली तर आठवड्यातून एकदा डबा आतून धुवायलाच हवा. पिशवी आणि भिंत यांच्या मधल्या फटीत झुरळं राहायला येतात, हे मी कितीतरी स्वयंपाकघरांत पाहिलं आहे.

भाड्याचं घर आहे, डबा दुसऱ्याचा आहे, भोकं पाडायची नाहीत, अशी अडचण असेल तर जाडसर नायलॉनची दोरी घ्या. डब्याच्या उंचीएवढा तुकडा भिंतीला लागून आत सोडा, वरचं टोक काठावरून किंचित बाहेर राहू द्या, आणि मग पिशवी घाला. दोरीच्या कडेने हवेला बारीक वाट राहते. ड्रिलची सर येत नाही, पण काम भागतं.

आता माप. पिशवी विकत घेताना आपण छोटी, मध्यम, मोठी एवढंच बघतो, पाकिटावरचे आकडे बघत नाही. सगळा हिशोब त्या आकड्यांत आहे. बाजारात नेहमी दिसणारी मापं इंचांत १७ × १९, १९ × २१, २४ × ३२ आणि ३० × ५० अशी असतात. पहिला आकडा पिशवी सपाट ठेवल्यावरची रुंदी, म्हणून तोंडाचा घेर त्याच्या दुप्पट. दुसरा आकडा लांबी.

तुमच्या डब्याचं तोंड साधारण १० इंच असेल. घेर झाला १० गुणिले ३.१४, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आसपास. १९ × २१ ची पिशवी घेतली तर तिचा घेर ३८ इंच. साडेसहा इंचांचा झोळ! बहुतेक घरांत हीच पिशवी आणली जाते, कारण मोठी घेतलेली बरी असं वाटतं. एवढा झोळ कुठल्याही रबराला आवरत नाही. १७ × १९ ची घेतली तर घेर ३४ इंच, झोळ जेमतेम अडीच इंच. ही पिशवी काठावर चढवताना हाताला किंचित घट्ट लागते, आणि तशीच लागायला हवी. घरच्या डब्याला दोन-तीन इंच झोळ पुष्कळ झाला. मोठ्या ड्रमला चार-पाच चालतो.

लांबीचा हिशोब लोक हमखास चुकवतात. डब्याची उंची मोजतात आणि तेवढीच पिशवी घेतात. पिशवीला बूडही झाकायचं असतं, आणि बाहेर दुमडही हवी. म्हणून डब्याची खोली, अधिक बुडाच्या रुंदीचा अर्धा भाग, अधिक तीन ते चार इंच दुमड. तुमच्या बादलीची खोली ११ इंच धरू. अधिक साडेचार ते पाच, अधिक तीन. १९ इंचांची पिशवी बरोबर बसते. हाच हिशोब चुकला की पिशवी आखूड पडते, बुडापर्यंत पोचतच नाही, आणि आपण पुन्हा अधांतरी लोंबणाऱ्या पिशवीकडे येतो. घरात मोजपट्टी नसेल तर शिलाईची टेप चालेल. एकदाच मोजायचं आहे, नंतर आकडा डब्याच्या बुडाला मार्करने लिहून ठेवा. दुकानात कोणीही गेलं तरी बरोबर पिशवी येईल.

पिशवीच्या जातीबद्दल थोडक्यात. हातात घेतल्यावर कुरकुर आवाज करते ती एचएमची, पातळ आणि ताठ. ती वजन चांगलं घेते, पण एकदा टोचली की सरळ रेषेत फाटत जाते. मऊ, ताणली जाणारी असते ती एलडीची. ती काठावर घट्ट बसते, आणि काटा टोचला तरी तिथल्या तिथे राहते. घसरण्याचा त्रास असेल तर मऊ पिशवी घ्या. रविवार पेठेत किलोवर घेत असाल तर दुकानदार पिशवीची जाडी गेजमध्ये सांगेल. १०० गेज म्हणजे साधारण २५ मायक्रॉन, हे लक्षात ठेवलं की तुलना करता येते. आणि बुडाकडची जोड बघा. सरळ आडवी जोड असलेल्या पिशवीला खाली दोन कोपरे असतात, ते चौकोनी डब्यात छान बसतात, गोल डब्यात मात्र दोन कानांसारखे उभे राहतात. चुण्या घेऊन एका बिंदूत जोडलेली, स्टार सीलची पिशवी गोल डब्यात नीट बसते आणि सहसा गळत नाही. सोय असेल तर तीच घ्या.

आता घालायची रीत. आधी डबा कोरडा आहे का बघा. हे मी फार आग्रहाने सांगते. धुतलेला डबा ओला असतानाच पिशवी घातली की प्लास्टिक ओल्या भिंतीला मध्येच चिकटतं आणि खाली उतरतच नाही. पावसाळ्यात तर डबा तासभर पालथा ठेवूनही आतून दमट राहतो, तेव्हा फडक्याने पुसा. काठही पुसा. काठावर तेलाचा हात लागलेला असतो आणि तेलकट काठावरून प्लास्टिक निसटणारच. मग पिशवी दोन्ही हातांनी धरून एकदा जोरात झटका, म्हणजे ती हवा घेऊन पूर्ण उघडेल. तोंड काठावर लगेच चढवू नका. पिशवी आत सोडा, मूठ आत घालून बूड बुडाला टेकवा, आणि मूठ तशीच ठेवून भिंतीच्या कडेने गोल फिरवा. हवा वर निघून जाईल. त्यानंतरच तोंड काठावरून बाहेर दुमडा. क्रम एवढाच लक्षात ठेवा, आधी बूड, मग तोंड.

दुमडून झाल्यावर जो दोन-तीन इंच झोळ राहील तो सगळा एका बाजूला, झाकणाच्या बिजागरीकडे ओढून घ्या. चिमटीत धरून दोन पीळ द्या, आणि तो पीळ काठाखाली, दुमडीच्या आत खालून वर खोचा. कामाला लागताना आपण पदर कमरेला खोचतो ना, तसाच. सैल सोडलेला पदर घसरतो, पीळ देऊन खोचलेला दिवसभर जागचा हलत नाही. रबर नको, चिमटा नको, काही विकत आणायला नको. बऱ्याचजणी इथे गाठ मारतात. गाठ घट्ट बसते हे खरं, पण संध्याकाळी ओल्या हाताने ती सुटत नाही, मग पिशवी ओढून फाडली जाते. खोचलेला पीळ एका बोटाने सुटतो. मी शिकवलेल्या बायकांपैकी जवळजवळ सगळ्यांना ही रीत पहिल्याच दिवशी जमली आहे.

आतली बादली असलेल्या डब्यात आणखी एक सोय आपोआप मिळते. बादलीवर पिशवी दुमडून बादली बाहेरच्या डब्यात सोडली की दुमड दोघांच्या मध्ये चिमटली जाते. बादलीला तारेची कडी असेल तर पिशवी कडीच्या आतून काठावर दुमडा आणि कडी खाली पाडा. कडी दुमडीवर बसते आणि पट्ट्यासारखी धरून ठेवते. कडीच्या दोन कानांपाशी पिशवी थोडी गोळा होते, तेवढी चालते. अट एकच, दुमड तीन इंचांपेक्षा जास्त नको. लांब दुमड झाकणात अडकते, आणि झाकण बंद होताना दर वेळी पिशवी थोडी थोडी ओढत राहतं.

रबराबद्दल तुम्ही लिहिलंत, ते तुटणारच. साधं रबर तेल आणि उष्णतेने लवकर कुजतं. पट्टाच हवा असेल तर शिलाईच्या सामानाच्या दुकानातून एक इंच रुंदीचं इलॅस्टिक आणा. घेर साडेएकतीस इंच असेल तर २७ इंचांचा तुकडा कापा, एक इंच एकमेकांवर ठेवून शिवून टाका. रुंद इलॅस्टिक पिशवीला कापत नाही आणि धुताही येतं. कपडे वाळत घालायचे चिमटेही चालतात, काठ पातळ असेल तर चार पुरतात. लोखंडी बाइंडर क्लिप ओल्या कचऱ्याजवळ गंजतात, त्या ऑफिसच्या कागदाच्या डब्याला ठीक. दुहेरी चिकटपट्टी लावूच नका. तिचा गोंद राहतो, त्यावर मळ बसतो, आणि तो निघता निघत नाही.

एवढं करूनही एखाद्या दिवशी पिशवी आत गेली तर काय करायचं, हे तुम्ही विचारलं नाही, पण मला ते सांगायलाच हवं. हात घालून ती वर ओढू नका.

रुग्णालयात असताना रात्रपाळीला एक नवी मावशी होती. वॉर्डातल्या लाल पिशवीच्या डब्यात पिशवी छोटी पडली होती, आणि कोणीतरी वरून अर्धी भरलेली सलाइनची बाटली टाकल्याबरोबर ती आत कोसळली. मावशींनी सवयीप्रमाणे हात घातला आणि तोंड शोधून वर ओढायला लागल्या. लाल पिशवीत नळ्या, सलाइनचे सेट, हातमोजे असा प्लास्टिकचा कचरा जातो; सुया वेगळ्या, सुई आरपार जाणार नाही अशा पांढऱ्या डब्यात टाकायच्या असतात. पण त्या रात्री कोणीतरी सुई लाल पिशवीत टाकली होती. ती मावशींच्या बोटात गेली. लगेच उपचार झाले, पुढचे महिनोन्महिने तपासण्या झाल्या, त्या ठणठणीत राहिल्या. पण ते महिने त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी कसे काढले ते मी जवळून पाहिलं. त्यांचा हात त्या डब्यात जाण्याचं मूळ कारण एक चुकीच्या मापाची पिशवी होती. तेव्हापासून पिशवीचं माप माझ्यासाठी टापटिपीचा विषय राहिलेला नाही.

घरातही फुटलेली काच असते, ब्लेड असतं, मधुमेह असलेल्यांच्या घरात इन्सुलिनच्या सुया असतात. म्हणून पिशवी आत गेली तर एक मोठी पिशवी घ्या, ती डब्याच्या तोंडावर टोपीसारखी चढवा, काठाशी घट्ट धरा आणि डबा उलटा करा. घसरलेली पिशवी, बाहेर पडलेला कचरा, सगळं मोठ्या पिशवीत जातं आणि हात कशालाही लागत नाही. काच आणि ब्लेड जाड कागदात गुंडाळा, वर लाल पेनने खूण करा आणि वेगळं द्या.

पिशवी काढताना ती तीन चतुर्थांश भरली की काढायची. रुग्णालयात हा नियमच असतो, घरी त्याचं कारण साधं आहे: मान पिळायला जागा राहते. काठोकाठ भरलेली पिशवी बांधताना आपण हाताने किंवा पायाने कचरा खाली दाबतो, आणि टोचतं ते तेव्हाच. डबा उभा ठेवून सरळ वर ओढण्याऐवजी तो तिरका करा, जड असेल तर आडवाच करा, आणि पिशवी समोर ओढून घ्या. कमरेवर ताण येत नाही. भरलेली पिशवी अंगाशी धरून चालू नका.

आता एक गोष्ट तुम्हाला कदाचित अपेक्षित नसेल. ओल्या कचऱ्याच्या डब्यात प्लास्टिकची पिशवी घालूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पुण्यात बहुतेक ठिकाणी तुमच्या दारात कचरा घ्यायला येतात त्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई. ही संस्था २००८ पासून पालिकेबरोबर काम करते आहे. तुम्ही ओला कचरा पिशवीत बांधून दिलात की ती पिशवी कोणाला तरी हाताने सोडावी लागते. बंद पिशवीत दिवसभर उन्हात तापलेलं खरकटं सोडायला काय वाटतं ते मी त्या बायकांच्या तोंडून ऐकलं आहे. आणि पिशवी सोडली नाही तर प्लास्टिकचे तुकडे खतात जातात. बंगळुरूत २०१५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 'दोन डबे, एक पिशवी' ही पद्धत आली. तिथे ओल्या कचऱ्याच्या हिरव्या डब्यात प्लास्टिकची पिशवी चालत नाही. पिशवी फक्त सुक्या कचऱ्याला, आणि सुका कचरा हलका असल्याने तिथे घसरण्याचा प्रश्न जवळजवळ उरतच नाही.

पिशवी नको तर मग डबा बरबटेल, ही भीती मला समजते. वर्तमानपत्राच्या दोन पूर्ण जोडपानी घड्या घ्या. एक उभी, एक आडवी, अशा एकमेकींवर फुलीसारख्या ठेवून बादलीत दाबा आणि कडा काठापर्यंत वर येऊ द्या. बुडाला आणखी एक पान चौघडी करून ठेवा, ते पाणी शोषून घेतं. त्याआधी सिंकमध्ये जाळी ठेवा आणि चोथा, खरकटं, भिजलेल्या साली त्यात दहा मिनिटं निथळू द्या. डबा बरबटतो तो कचऱ्यामुळे नाही, कचऱ्यातल्या पाण्यामुळे. सकाळी कागदासकट सगळं ओल्या कचऱ्यात जातं, आणि डब्याला एकदा पाणी मारलं की झालं.

कागद जमतच नसेल तर खत होणारी पिशवी घ्या. तिच्यावर आयएस १७०८८ हा मानकाचा क्रमांक छापलेला आहे का बघा. नुसतं हिरवं पान आणि 'इको' असं लिहिलेलं पुरेसं नाही. ही पिशवी वागवायची रीत वेगळी आहे. ती ओलाव्याने आणि उष्णतेने मऊ पडते, म्हणून काठावर ताणून चढवू नका आणि पीळही देऊ नका. वरच्या हिशोबापेक्षा थोडी सैल घ्या, बूड नीट टेकवा, आणि चिमट्यांनी किंवा सैलसर इलॅस्टिकने धरा. दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका. आणि वर्षभराचा साठा करू नका, पडून राहिल्या तर त्या चिरतात.

सोसायटीच्या ड्रमबद्दल. १०० लिटरच्या ड्रमचं तोंड १८ इंचांच्या आसपास असतं, म्हणजे घेर साडेछप्पन्न. ३० इंची पिशवीचा घेर ६० होतो, रुंदी बरोबर आहे. पण लांबी बघा. ड्रमची खोली २७, अधिक ९, अधिक दुमडीला ६, म्हणजे ४२ इंच हवेत. बऱ्याच सोसायट्या ३० × ३७ ची पिशवी आणतात, ती थोडी स्वस्त पडते. ती बुडाला पोचत नाही आणि रोज आत कोसळते. सेक्रेटरींना सांगा, ३० × ५० आणा. जास्तीची लांबी बाहेर दुमडली जाते आणि पकड वाढते.

ड्रमला काठावर पट्टा लागतोच, कारण लोक लांबून कचरा फेकतात. त्यासाठी सायकल दुरुस्तीच्या दुकानातून लहान मुलांच्या १६ इंची सायकलची जुनी ट्यूब मागून आणा. हवा काढलेली ट्यूब अख्खीच ताणून ड्रमच्या काठाखाली, दुमडीवर बसवायची. व्हॉल्व्हची दांडी कापून टाका, नाहीतर पिशवीत घुसते. ही ट्यूब उन्हापावसात वर्षभर टिकते. ड्रमला बुडापासून चार बोटं वर सहा भोकं पाडून घ्या, आणि ती पाडल्यावर पहिल्या दिवशी मावशींसमोर भरलेली पिशवी एकदा स्वतः ओढून बघा. ड्रम आडवा करून पिशवी काढायची सवय त्यांना लावा, आणि त्यासाठी ड्रमच्या बाजूला तीन-चार फूट मोकळी जागा ठेवा. बहुतेक सोसायट्यांत ड्रम कोपऱ्यात, दुचाकींच्या मागे दाबून ठेवलेला असतो. तिथे तो आडवा करता येत नाही, म्हणून मावशी उभ्याने वर ओढतात आणि पाठ धरते. तुमचा ड्रमही तसाच असेल तर पिशव्या बदलण्याआधी तो बाहेर काढून घ्या.